रुळांमधले अंतर

मुंबईहून कोल्हापूरला जाणे याला आमच्या घरी 'पुण्याला बदलणे' असेच म्हणत. गोष्ट १९५० नंतरच्या दशकातली. मे महिन्याची सुटी लागली की आम्ही सगळे बोरीबंदरला गाडीत बसत असू, आणि खंडाळ्याचे बोगदे मोजून जरा कोठे डोळा लागतो न लागतो तोच पुणे येई. मग फलाटावर आईची मोजदाद सुरू व्हायची : वळकट्या दोन, ट्रंक एक, फिरकीचा तांब्या, फराळाचा डबा, मुले तीन. एवढा संसार हमालाच्या डोक्यावर आणि आपल्या काखोटीला मारून दुसऱ्या गाडीत न्यायचा. ती दुसरी गाडी ठेंगणी, डबे अरुंद, इंजिन धाकट्या भावासारखे. एकदा मी विचारले, "अण्णा, आपली गाडीच पुढे का नाही जात?" वडील म्हणाले, "या गाडीचे पाय फाकलेले आहेत, त्या गाडीचे जवळ आहेत. हिच्या वाटेने तिला जाता येत नाही, तिच्या वाटेने हिला."

पुढे आगगाडीच्या इतिहासाची पुस्तके वाचण्याचा नाद लागला, तेव्हा ध्यानात आले की यंत्रशास्त्राच्या बाजूने यापेक्षा फारसे अधिक सांगण्यासारखे नाही. हे पाय कोणी फाकले, कोणी जवळ घेतले, आणि त्याची किंमत कोणी मोजली, एवढेच सांगायचे राहते. तेच येथे सांगतो.

मूळ घोटाळा अर्थात विलायतेतला. जॉर्ज स्टीफन्सनने उत्तर इंग्लंडच्या कोळशाच्या खाणींतल्या घोड्यांच्या गाडीवाटांचे माप उचलले आणि ते थोडे सैल करून ४ फूट ८॥ इंच केले. त्यात शास्त्र काही नव्हते. घोडे आणि गाड्या तशा होत्या, इतकेच. इसंबार्ड ब्रुनेल हा मात्र पहिल्यापासून विचार करणारा माणूस. कोळशाच्या ढकलगाडीचे माप मी वेगाच्या गाडीला का लावू, असे म्हणून त्याने ग्रेट वेस्टर्न रेल्वेसाठी तब्बल ७ फुटांचे अंतर धरले (वर पाव इंच नंतर वाढले). दोन्ही रेल्वे आपापल्या मुलखात होत्या तोवर ठीक होते. १८४४ मध्ये त्या ग्लॉस्टरला एकमेकींना भिडल्या आणि तेथे माल उतरवून पुन्हा भरण्याचा तमाशा सुरू झाला. पार्लमेंटचे लोक पाहणीला येणार म्हणून तेथल्या एका मालअधिकाऱ्याने आधीच काम उरकलेल्या गाड्या मुद्दाम पुन्हा उतरवायला लावल्या आणि पाहुण्यांपुढे हवा तेवढा गोंधळ मांडून दाखवला, असे सांगतात. खरी अडचण असताना खोटी उभी करण्याची गरज का पडावी, हे एक कोडेच आहे; पण सरकारी पाहण्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ते फारसे अवघड वाटू नये.

१८४५ मध्ये चौकशी आयोग बसला. वेगाच्या परीक्षेत ब्रुनेलची गाडी सरस ठरली आणि आयोगाने तसे कबूलही केले. पण अरुंद रूळ तोवर सुमारे १,९०० मैल पडले होते आणि रुंद जेमतेम पावणेतीनशे. चांगले माप हरले, पुष्कळ असलेले माप जिंकले. १८४६ मध्ये कायदा झाला, तरी ग्रेट वेस्टर्नचे शेवटचे रुंद रूळ उखडायला १८९२ चा मे महिना उजाडावा लागला. शनिवार-रविवार धरून चार हजारांवर माणसांनी ते काम केले.

हा सगळा वाद चालू असताना लंडनच्या व्यापारखात्यात, म्हणजे बोर्ड ऑफ ट्रेडमध्ये, एक तरुण उमराव बसला होता. रेल्वेची प्रकरणे त्याच्याच टेबलावर येत. तो डलहौसी. १८४८ च्या आरंभी तो गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्यास आला. आपल्याकडे हे नाव निघाले की सातारा, नागपूर, झाशी आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण न्यायाने बोलायचे तर रुळांच्या बाबतीत या माणसाइतकी दूरदृष्टी त्या काळी दुसऱ्या कोणी दाखवलेली नाही. कंपनीच्या संचालकांचा कल विलायती ४ फूट ८॥ इंचाकडे होता. सरकारचे सल्लागार इंजिनियर सिम्स यांनी इकडची वादळे आणि उष्णता ध्यानात घेऊन ५ फूट ६ इंच सुचवले. डलहौसीला तर सहा फूट हवे होते. अखेर साडेपाच फूट ठरले. त्याहून महत्त्वाचे, जे माप असेल ते साऱ्या देशात एकच असावे, असा त्याचा आग्रह. इंग्लंडात जे चुकले ते येथे कोऱ्या पाटीवर टाळता येईल, हा त्याचा मुद्दा होता. १६ एप्रिल १८५३ रोजी साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने चौदा डबे ओढीत बोरीबंदरहून ठाण्याला गेली ती या साडेपाच फुटी रुळांवरून.

पाटी कोरी राहिली ती वीस वर्षेसुद्धा नाही.

कारण पैसा. पहिल्या रेल्वे खाजगी कंपन्यांच्या. त्यांना सरकारने भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी दिलेली. तोटा आला तर तो हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे रयतेच्या शेतसाऱ्यातून, भरून निघणार. अशी हमी असल्यावर काटकसर कोण करतो! खर्च मैलामागे सतरा-अठरा हजार पौंडांवर गेला. १८६९ मध्ये सरकारने ठरवले की पुढचे रस्ते आपणच बांधायचे आणि स्वस्तात बांधायचे. त्याच वर्षी लॉर्ड मेयो आले. हत्तीचे ओझे असेल तेथे हत्ती ठेवावा, गाढवाचे ओझे असेल तेथे गाढव, अशा अर्थाचे एक वाक्य त्यांच्या नावावर सांगितले जाते.

गाढव केवढे असावे, हे ठरवायला एक समिती नेमली. लंडनची भुयारी रेल्वे बांधणारे फाउलर त्यात होते. त्यांनी ३ फूट ६ इंच सांगितले. रिचर्ड स्ट्रेची, डिकन्स आणि रेंडेल या बाकीच्या तिघांनी २ फूट ९ इंच. मेयोसाहेबांनी मधला मार्ग काढून ३ फूट ३ इंच ठरवले. आता गंमत अशी, की त्याच सुमारास हिंदुस्थानात फ्रेंच मेट्रिक मापे आणण्याचा सरकारचा बेत चालला होता. ३ फूट ३ इंच आणि वर एक चिमूट घातली की बरोबर एक मीटर होतो, म्हणून रूळही मीटरचे झाले. मापांचा कायदा १८७१ मध्ये झाला, पण तो अमलात काही आला नाही. शेर, मण, गज आणि कोस खुशाल चालू राहिले. आपण मेट्रिक मापे घेतली ती १९५६ च्या कायद्याने. म्हणजे पाऊणशेहून अधिक वर्षे या देशात कायद्याने मीटरचे राज्य नव्हते, रुळांवर मात्र होते. ज्या हमालाने जन्मात मीटर हा शब्द उच्चारला नसता, तो रोज 'मीटरगेज' म्हणत होता.

या निर्णयाला विरोध झाला नाही असे नाही. १८७३ मध्ये लंडनच्या सिव्हिल इंजिनियरांच्या संस्थेत थॉर्नटन यांनी मीटरगेजच्या बाजूने निबंध वाचला, त्यावर कित्येक बैठका वाद चालला. विरोधकांचा मुख्य मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो. रेल्वे स्वस्त होते ती रूळ हलके घातल्याने, पूल आणि स्टेशने साधी ठेवल्याने, चढउतार थोडे सोसून घेतल्याने. हे सारे साडेपाच फुटांवरही करता येते. हलकेपणा रुळांच्या वजनात असतो, त्यांच्यामधल्या अंतरात नसतो. अंतर कमी केल्याने भराव आणि स्लीपर यांत जी बचत होईल, ती पहिल्या मोठ्या जंक्शनवर माल उतरवताना बाहेर पडेल. घाटातली अवघड वळणे सोडली, तर अरुंद रुळांचा फारसा लाभ नाही.

मेयोंना हे सगळे ऐकायला मिळाले नाही. फेब्रुवारी १८७२ मध्ये अंदमानात शेर अलीने त्यांचा खून केला. दिल्ली ते रेवाडी हा पहिला मीटरगेज रस्ता त्यानंतर वर्षभराने, १८७३ मध्ये, उघडला. आणि लगेच एक घडले. पंजाब आणि सिंधमधले सरहद्दीकडे जाणारे रस्तेही मीटरगेजच व्हायचे होते. काम सुरूही झाले होते. पण लष्करवाल्यांनी हरकत घेतली. लढाईच्या वेळी तोफा आणि घोडी वाटेत उतरवून पुन्हा चढवायची की काय? सरकारने ते मान्य केले आणि तेथले रस्ते रुंद झाले. तोफांना जो त्रास होऊ द्यायचा नाही असे ठरले, तो धान्याला होऊ द्यायला कोणाची हरकत आली नाही. ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला मेयोंपेक्षा या दुसऱ्या निर्णयाचा राग आला. मीटरगेज पुरेसे आहे यावर सरकारचा स्वतःचा विश्वास किती होता, ते यातून दिसले.

तरीही एवढ्यावर निकाल देता येत नाही. कारण मध्ये १८७६ साल येते.

त्या दुष्काळात दक्षिणेत पन्नास लाखांवर माणसे दगावली असे मानतात. आपल्याकडे सोलापूर, सातारा, कलादगी, धारवाड हे जिल्हे होरपळले. सोलापूरला रेल्वे होती. साडेपाच फुटी, भक्कम. धान्य तेथवर येई. तेथून दक्षिणेस कलादगीकडे बैलगाड्या, आणि बैलांना चारा नाही, वाटेत पाणी नाही. धान्य आहे, खाणारा आहे, मधले साठ-सत्तर कोस तेवढे ओलांडता येत नाहीत, अशी स्थिती. पुढे दुष्काळ आयोग बसला. त्याचे अध्यक्ष रिचर्ड स्ट्रेची, म्हणजे २ फूट ९ इंच सांगणाऱ्या तिघांपैकी एक. आयोगाने १८८० मध्ये सांगितले की आणखी पाच हजार मैल रेल्वे तातडीने हवी. कालवे आधी की रेल्वे आधी, हा वाद आर्थर कॉटनपासून रमेशचंद्र दत्तांपर्यंत पुष्कळांनी घातला आहे. माझे मत कालव्यांच्या बाजूचे आहे, पण ते येथे अप्रस्तुत. रेल्वे बांधायची ठरल्यावर ती हाती असलेल्या पैशात बांधायची होती, आणि तो पैसा मीटरगेजपुरताच आहे असे सरकार म्हणत होते. १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी निघाली. १८८४ मध्ये होटगी–गदग रस्ता झाला. पुढच्या पाचसहा वर्षांत पुण्याहून मिरज, बेळगाव करीत लोंढ्यापर्यंत रूळ गेले, तेथून कॅसलरॉकचा घाट उतरून मुरगावच्या बंदराला मिळाले. १८९१ मध्ये करवीर संस्थानाने मिरज–कोल्हापूर फाटा स्वतःच्या मालकीचा बांधला. हे सगळे मीटरगेज. साडेपाच फुटांची वाट पाहत बसलो असतो तर १८९६ च्या दुष्काळात यांतले किती मैल हाताशी असते? मला ठाम उत्तर देता येत नाही. आईने पुण्याच्या फलाटावर जे शिव्याशाप दिले, ते देताना हाही हिशेब जमेस धरला पाहिजे, एवढे मात्र वाटते.

बदलायचे म्हणजे माणसे चालत बदलतात. माल चालत नाही. माझे एक मामा मिरजेला मालधक्क्यावर कारकून होते, त्यांच्याकडे सुटीत राहिलो असताना मी हे काम तासन् तास पाहिले आहे. मिरजेला १९२७ पासून मीटरगेजच्या जोडीला बार्शी लाईटचे अडीच फुटी रूळ येऊन मिळाले होते. धक्क्याच्या एका अंगाला मोठी वाघीण, दुसऱ्या अंगाला चिमुकली. मध्ये हमालांची रांग, पाठीवर पोते, हातात लोखंडी आकडा. गुळाच्या ढेपा, हळद, तंबाखू, सरकी, सिमेंट. ज्याचा त्याचा वास धक्क्याला दिवसभर येई. एका वाघिणीतला माल दुसऱ्या एकीत मावत नाही, दोहोंत भरून उरतो, मग उरलेल्यासाठी तिसरी मागवायची. मामा म्हणत, "हमाली कोण मोजतो रे! खरा खर्च खोळंब्याचा. मोठी भरून उभी आहे आणि धाकटी रिकामी नाही, असं झालं की इकडची वाघीणही अडकली, मालही अडकला, आणि व्यापारी माझ्या डोक्यावर बसला." इंजिनियरांच्या वादात मला हा मुद्दा मामांच्या इतका स्पष्ट कोठे आढळला नाही. शिवाय पावसाळा. उघड्या धक्क्यावर गूळ भिजला की त्याचे काय होते, ते सांगायला नको.

बार्शी लाईटविषयी दोन शब्द अधिक लिहिल्याशिवाय राहवत नाही. मोठी रेल्वे बार्शीला बगल देऊन गेली होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनियराने कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत १८९७ मध्ये अडीच फुटी रस्ता केला. पुढे तो पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत वाढत दोनशे मैलांवर गेला. कॅलथ्रॉपचे तत्त्व असे, की इंजिन असो वा वाघीण, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा भार पडता कामा नये. मग वारभर लांबीला पंधरा शेराचा रूळही पुरतो आणि वाघिणी मात्र भरपूर मोठ्या करता येतात. म्हणजे विरोधक जे म्हणत होते तेच : खुबी वजनाच्या वाटणीत आहे. माल उतरवण्याच्या तापावरही त्याच्यापाशी तोड होती. इंग्लंडात त्याच्या सल्ल्याने १९०४ मध्ये झालेल्या एका अडीच फुटी रेल्वेवर मोठ्या रेल्वेची अख्खी वाघीण छोट्या गाडीवर चढवून नेत. आमच्याकडे वाघिणी नाही चढल्या, पण माणसे टपावर चढली. आषाढीला कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरलेले वारकरी त्या चिमुकल्या गाडीवर असे दाटत, की गाडी दिसत नसे, नुसत्या पताका सरकताना दिसत. या कॅलथ्रॉपने पुढे हवाई छत्री तयार केली आणि पहिल्या महायुद्धात ती वापरलीही गेली. रुळांवरून विमानापर्यंत गेलेला असा माणूस बार्शीच्या माळावर वावरला होता, हे बार्शीकरांनी विसरू नये.

स्वातंत्र्यानंतर सगळा हिशेब एका वहीत आला, तेव्हा १९५१ मध्ये रुंद रूळ सुमारे २५ हजार किलोमीटर आणि मीटरगेज २४ हजार! शिवाय चार हजारांवर त्याहून अरुंद. त्यांतला एक, डभईचा, खंडेराव गायकवाडांनी १८६२ मध्ये बैल जुंपून सुरू केलेला. देश जवळजवळ निम्मा-निम्मा वाटला गेला होता. यात आपणच अडाणी असे समजण्याचे कारण नाही. ऑस्ट्रेलियात शेजारच्या दोन प्रांतांनी माप ठरवले ते आधी एकमताने. मग एका प्रांताचा आयरिश इंजिनियर जाऊन स्कॉच इंजिनियर आला आणि त्याने मत फिरवले. परिणामी सिडनी–मेलबर्न प्रवासात ऑलबरीला गाडी बदलणे १९६२ पर्यंत चुकले नाही. आणि मेयोंच्या मापाची सर्वांत कडवी परीक्षा झाली ती लष्कराच्याच हातून : दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीचा सारा दारूगोळा कलकत्त्याहून रुंद रुळांनी पार्वतीपूरपर्यंत जाई आणि तेथे मीटरगेजवर चढे. तो तुंबारा आवरेना, म्हणून १९४४ मध्ये त्या रस्त्याचा कारभार अमेरिकन लष्करी रेल्वेवाल्यांकडे द्यावा लागला. पश्चिम सरहद्दीवर जे टाळले, ते पूर्वेला भोवले.

पुणे–मिरज–कोल्हापूर रस्ता १९७१ मध्ये रुंद झाला. मी तेव्हा नोकरीला लागलो होतो. कोल्हापूरला थेट गाडी जाते म्हटल्यावर आईला घेऊन गेलो. पुणे आले तेव्हा ती सवयीने उठून बसली आणि पिशव्या मोजू लागली. मिरजेला मात्र त्यानंतर विसाहून अधिक वर्षे तिन्ही मापे एकत्र नांदत होती : पुण्याकडे रुंद, बेळगावकडे मीटर, पंढरपूरकडे अडीच फूट. हमालांना ती वर्षे भरभराटीची गेली. १९९२ मध्ये सर्व देशात एकच माप करण्याची योजना सुरू झाली आणि बेळगावची बाजू थोड्याच वर्षांत रुंद झाली, तेव्हा मामा सेवानिवृत्त होते. त्यांच्या ओळखीचा एक मुकादम त्यांना भेटायला आला होता. "साहेब, गाड्या आता थांबतच न्हाईत," एवढे म्हणून तो बराच वेळ बसून राहिला. त्याच्या दोन्ही मुलांनी हाच आकडा हातात धरला होता. डलहौसीचे म्हणणे खरे ठरायला दीडशे वर्षे लागली, आणि ते खरे ठरले तेव्हा या माणसाचे काम गेले. त्याला काय सांगावे, ते मामांनाही सुचले नाही. त्यांनी चहा मागवला.

बार्शी लाईटचे रूळ सर्वांत शेवटी उखडले. कुर्डुवाडी–पंढरपूर आधी, मग लातूरची बाजू, आणि २०१० च्या सुमारास पंढरपूर–मिरज.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरच्या नळांना पाणी राहिले नाही. तेव्हा राजस्थानातल्या कोट्याच्या कारखान्यात टाक्यांच्या वाघिणी आतून धुऊन स्वच्छ केल्या आणि मिरजेला आणल्या. मी त्या दिवसांत भाच्याकडे मिरजेतच होतो, म्हणून स्टेशनाकडे गेलो. कृष्णेचे पाणी नळाने आणून वाघिणींत भरत होते. पहिली गाडी दहा वाघिणींची, पाच लाख लिटर. मग पन्नास-पन्नास वाघिणींच्या, पंचवीस लाख लिटरच्या गाड्या सुरू झाल्या. त्या पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करीत लातूरला जात होत्या; कॅलथ्रॉपच्याच वाटेने. वाघीण कोट्याची, पाणी कृष्णेचे, आणि वाटेत कोठे उतरवायचे नाही. पूर्वी जेथे धक्का होता, त्या बाजूला दोन-तीन म्हातारी माणसे उकिडवी बसून पाणी भरताना पाहत होती. मी त्यांच्यापैकी एकाला विचारले, एक टाकी भरायला किती वेळ लागतो? तो म्हणाला, सकाळपासून पाहतोय, पण मोजलं नाही.